मृत संवर्ग

पत्र आलं मंगळवारी. शिपायाच्या हाती नाही,
मोबाइलवर, फोटो तिरका.
विषय: खर्चात काटकसर. संदर्भ: एक ते सात.
आणि तळाला, अंगठ्याच्या सावलीत,
कालवा चौकीदार हा संवर्ग
मृत घोषित करण्यात येत आहे.

मुंजाजी टोम्पेंनी दोनदा वाचलं,
चष्मा शर्टाला पुसला, म्हणाले,
"सुभद्राबाई, आपण वारलो."

मानवतच्या पत्र्याच्या शेडात
एकोणीस जण हसलो.
मग पंख्याची करकर ऐकू यायला लागली.

मी इथं लागले ती अनुकंपावर.
मालक गेले कालव्यावर, गेट उतरवताना,
विमोचकाच्या फटीत बसलेलं जनावर
अंधारात कुणाला दिसतं?
सात वर्षं फाइल फिरली तेव्हा
त्यांच्या शिट्टीवर, बॅटरीवर, पान्यावर
माझी सही आली.
मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत बाई बसते,
तशी सोय आहे नियमात.
पण जागाच मेली
तर तिच्या जागी कोण लागतं?
साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, लेखी द्या.

लेखी दिलं.

परभणीला तीन संघटना एका सतरंजीवर बसल्या,
ज्या एका टपरीवर चहा पीत नाहीत.
भाषणं झाली. घसे बसले.
कुणीतरी म्हणालं, लाक्षणिक.
कुणीतरी म्हणालं, बेमुदत.
लाक्षणिक आणि बेमुदतच्या मधे
जेवणाची सुट्टी झाली.

मुंजाजी तेवढ्यात गायब.
दुपारी आम्हा एकोणिसांना घेऊन
नगर परिषदेच्या खिडकीवर उभे:
"मृत्यूचे दाखले पाहिजेत. एकोणीस."
खिडकीतला ढवारे गोंधळला.
"कुणाचे?"
"आमचेच. सरकारनं कळवलंय, तुम्ही नोंद घ्या."
ढवारेनं पत्र वाचलं. फॉर्म काढला.
त्याच्याही टेबलाशेजारची दोन टेबलं
पोत्याखाली झाकलेली, वर्ष झालं.
"मृत्यूचं कारण?" पेन उघडत तो म्हणाला,
आवाज एकदम कामाचा.
"काटकसर," मुंजाजी म्हणाले.
ढवारेनं लिहिलं. शाई सुकू दिली.
शिक्का मात्र मारला नाही.
"शिक्क्याला पोरं आहेत माझी," म्हणाला,
आणि संपाच्या वर्गणीला शंभर दिले.

खजिनदार मी. पावतीपुस्तक माझ्याकडं.

संध्याकाळी शेडात आले तर
दारात अरबाज उभा,
एजन्सीचा, अकरा महिन्यांवाला.
आमच्या जागी जो येणार
असं पत्रात न लिहिलेलं
तो हाच, एकवीस वर्षांचा,
बूट स्वतःचे, बॅटरी स्वतःची.
तीन महिने पगार नाही.
सतरंजीवर बसावं का,
हे त्याला कळंना, आणि खरं सांगते,
आम्हालाही कळंना.
लिंबाजी म्हणाला, कंत्राटी सभासद होत नाही,
संघटनेच्या घटनेत तसं कलम नाही.
खरंच नाही. मी पाहिलं.
आम्हीच लिहिली होती घटना,
बरे दिवस होते तेव्हा.

अरबाजनं खिशातून वीस रुपये काढले.
चुरगळलेले, घामट.
बाहेर डाव्या कालव्याला पाळी सुटलेली,
टेलच्या गावाला पोचायला अजून चार दिवस.
संप होता, म्हणून गेज कुणी वाचायचं नाही
असं ठरलं होतं.
पण मुंजाजींच्या खिशात मला
गुटख्याच्या कागदावर लिहिलेलं दिसलं:
पहाटे सहा, एक मीटर चाळीस.
काल: एक पस्तीस.
मी काही बोलले नाही.
मेलेल्या माणसाची सवय,
जायला वेळ लागतो.

पावतीवर नाव लिहिलं: शेख अरबाज शेख मुनीर.
हुद्द्याच्या रकान्यापाशी
पेन थांबलं.

लिंबाजी बघत होता.
पंख्यानं पान उडालं, मी हातानं दाबून धरलं
आणि लिहिलं, चौकीदार.